प्रत्येक पेशीला रस्ता

सासरे राहायला येऊन अकरा दिवस झाले होते आणि घरात मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यांनी बैठकीची खोली मोजली. दुसऱ्या दिवशी बाल्कनी. तिसऱ्या दिवशी घराच्या कागदपत्रांतला आकडा आणि स्वतःचा आकडा यांत सव्वा हाताचा फरक असल्याचं त्यांनी जेवताना जाहीर केलं, आणि तो सव्वा हात कोणाच्या घशात गेला याची जिन्यात उभं राहून चौकशी सुरू केली. सदतीस वर्षं जमीन मोजणी खात्यात काढलेला माणूस. खात्याने त्यांना निवृत्त केलं होतं, पण ते त्यांनी फारसं मनाला लावून घेतलं नव्हतं.

"बाबांना काहीतरी काम दे," बायको नवऱ्याला म्हणाली. "काल माझ्या ओट्याची उंची लिहून घेत होते. म्हटलं कशाला, तर म्हणे नोंद असावी."

दुसऱ्याला काम देण्याच्या मनःस्थितीत जावई नव्हता, कारण त्याचं स्वतःचंच काम जाण्याच्या बेतात होतं.

तो एका प्रयोगशाळेत कॉम्प्युटरवाला होता. सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या फोटोंतल्या पेशी कॉम्प्युटरकडून वेगवेगळ्या ओळखून घ्यायच्या आणि मोजायच्या, एवढंच त्याचं काम. पेशी सुट्या सुट्या बसल्या असत्या तर ते सोपंही होतं. पण पेशींना गर्दीची हौस. त्या एकमेकींना खेटून, एकमेकींच्या अंगावर रेलून बसतात, आणि चार पेशींचा घोळका कॉम्प्युटरला एकच गलेलठ्ठ पेशी वाटतो. यावर जुना उपाय असा, की फोटोतल्या खोलगट भागांत पाणी भरतंय अशी कल्पना करायची आणि दोन बाजूंचं पाणी जिथे भेटेल तिथे बांध घालायचा. जावयाने तो करून पाहिला. त्यात एकेका पेशीचे तीन तीन तुकडे निघाले. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी ते चित्र लांब धरून बघितलं आणि विचारलं, "या पेशी आहेत की फरशी फुटलीय?"

नवा उपाय वेगळा होता. चारशे फोटोंवर माणसाने हाताने प्रत्येक पेशीची कड आखायची. ते चारशे नमुने कॉम्प्युटरला दाखवायचे. मग तो त्यावरून शिकून बाकीचे हजारो फोटो स्वतः आखतो. माणूस जसं आखेल तसं तो शिकतो, ना कमी ना जास्त. जावयाने नऊ फोटो आखले आणि त्याचं मनगट धरलं.

"महिनाअखेरीला तुझी मुदत संपतेय," मॅडम म्हणाल्या होत्या. "शेवटच्या शुक्रवारी समिती येईल. पेशी नीट मोजून दाखवल्यास तर तीन वर्षांची मुदतवाढ. नाहीतर मावशी आहेतच."

मावशी म्हणजे प्रयोगशाळेत स्लाइड तयार करणाऱ्या बाई. गेली बावीस वर्षं त्या एक डोळा सूक्ष्मदर्शकाला लावून, हातातलं टिकटिक यंत्र दाबत पेशी मोजत आल्या होत्या. कॉम्प्युटरचा विषय निघाला की त्या काही बोलत नसत. नुसतं एकदा टिक् करत.

थोडक्यात, एका घरात एक मनगट धरलेला माणूस होता आणि एक रिकामे हात शिवशिवणारा. बायकोने दोघांना जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसवलं आणि आपण निघून गेली.

"बाबा," जावई टॅबलेट आणि पेन पुढे सरकवत म्हणाला, "यातल्या प्रत्येक पेशीची हद्द आखायचीय."

सासरे खुर्चीत ताठ झाले. निवृत्तीनंतरच्या तीन वर्षांत 'हद्द' हा शब्द त्यांच्याशी कोणी इतक्या आदराने बोललं नव्हतं.

"अर्जदार कोण?"

"आमच्या मॅडम."

"हरकती?"

"अजून नाहीत आल्या."

"येतील," सासरे समाधानाने म्हणाले. "यापूर्वी मोजणी झालेली आहे?"

"झाली होती. पाणी भरून... म्हणजे पाणी जिथे मिळतं तिथे हद्द धरायची."

"पाणी सोडून हद्द?" सासऱ्यांनी चष्मा काढला. "पहिल्या पावसाला बदलेल ती, जावईबापू. बरं. उत्तर कुठली?"

"सूक्ष्मदर्शकात उत्तर नसते, बाबा."

"उत्तर नसते म्हणजे? मग नकाशा कसा करायचा?" बराच खल होऊन खिडकीची बाजू ती उत्तर, असं ठरलं. त्यानंतर अठरा दिवस कोणालाही ते टेबल हलवता आलं नाही.

जावयाचे नऊ नकाशे बाद ठरवून सासऱ्यांनी कामाला सुरुवात केली ती खात्याच्या वेळेनुसार. साडेदहाला टेबलावर, दीड ते दोन जेवण, चारला चहा, साडेपाचला पेन खाली. साडेपाच वाजून एक मिनिटाने अर्धवट पेशी तशीच सोडून ते उठत आणि ती पेशी दुसऱ्या दिवशी साडेदहापर्यंत निम्मी उघडी राही. घरात शांतता नांदू लागली. ओटा सुखी झाला.

तपासणी म्हणून जावयाने पहिले सहा नकाशे उघडून बघितले. सहाही फोटोंत पेशी विरळ होत्या, एकेकट्या. रेघ अशी, की केस ठेवला तर केस जाड वाटावा. "बाबा, अप्रतिम!" तो म्हणाला आणि उरलेले तीनशे चौऱ्याण्णव न बघता कॉम्प्युटरला देऊन मोकळा झाला. जावयाने सासऱ्यांचं काम तपासायचं तरी किती, हाही प्रश्न होताच.

कॉम्प्युटर शिकला. आणि असा शिकला, की जावयाचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. जिथे वीस वीस पेशी एका ढिगात पडल्या होत्या, तिथे त्याने वीसच्या वीस वेगळ्या काढून दाखवल्या. कोणी कोणाला चिकटलेलं नाही, कोणाचे तुकडे नाहीत. मॅडम पडद्याजवळ गेल्या, लांब गेल्या, पुन्हा जवळ आल्या.

"हे तू केलंस?"

"घरच्यांची थोडी मदत झाली," जावई म्हणाला. हे त्याच्या आयुष्यातलं सर्वांत मोजून मापून केलेलं विधान होतं.

मॅडमनी लगेच त्याला दोन हजार फोटो दिले. निम्मे औषध दिलेल्या पेशींचे, निम्मे औषध न दिलेल्यांचे. पेशी औषधाने मरतात, म्हणजे त्यांची संख्या कमी होते, हे आधीपासून माहीत होतं. पण आता कॉम्प्युटरने प्रत्येकीचा आकारही मोजला, आणि औषध दिलेल्या पेशी बारा टक्क्यांनी मोठ्या निघाल्या! हे जगात कोणी बघितलं नव्हतं. मॅडमनी भिंतभर उंचीचं पोस्टर छापून घेतलं. त्यावर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, की ते वाचायला मागे सरकावं लागे: 'औषधाने पेशी फुगतात'.

समिती शुक्रवारी यायची होती. बुधवारी दुपारी मावशी जावयाच्या खोलीत आल्या. बावीस वर्षांत त्या या बाजूला पहिल्यांदाच आल्या असाव्यात.

"पन्नास फोटो माझ्या हाताने ताडून बघितले," त्या म्हणाल्या. "संख्या बरोबर आहे. मला आवडलेलं नाही, पण बरोबर आहे. एकच सांग मला. या गल्ल्या कसल्या रे?"

"कुठल्या गल्ल्या?"

मावशींनी पडद्यावर बोट ठेवलं. जावयाने चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. दाट वस्तीतल्या एकूण एक पेशीच्या दारापासून एक बारीक काळी पट्टी निघत होती. ती शेजारणीच्या कडेने जाऊन दुसऱ्या पट्टीला मिळत होती, ती तिसऱ्या, आणि अशा मिळत मिळत सगळ्या फोटोच्या कडेपर्यंत पोचत होत्या. वळणावर पट्टी किंचित रुंद होत होती.

तो तसाच घरी आला. चारचा चहा चालू होता.

"बाबा, या पेशींच्या मधे हे काय काढलंय तुम्ही?"

"रस्ता," सासरे म्हणाले.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? मधल्याने जायचं कुठून?"

"ती पेशी आहे, बाबा. ती कुठे जात नाही!"

"आज जात नाही. उद्या जायचं झालं तर? चारी बाजूंनी कोंडलेला तुकडा मंजूर करायला मी काय काल नोकरीला लागलोय?"

"पण इथे रस्त्याला जागाच नव्हती! दोघी चिकटल्या होत्या!"

"म्हणून मोठीकडून जरा जास्त घेतली, धाकटीकडून कमी. तक्रार आली का कोणाची?"

जावयाने टॅबलेटवर दुसरा फोटो उघडला. "आणि वळणावर रुंद का?"

"बैलगाडी वळली पाहिजे," सासरे म्हणाले, आणि मग जावयाचा चेहरा बघून मवाळपणे म्हणाले, "तो नियम जुना आहे. काढता येईल."

जावयाने डोकं धरलं. एवढ्यात त्याचं लक्ष एका लांबट पेशीकडे गेलं. मधे कंबर असलेली, दोन होण्याच्या बेतातली पेशी. कोणीही घाईने तिच्यातून रेघ मारली असती. सासऱ्यांनी मारली नव्हती.

"ही मात्र एकच धरलीत?"

"विभागणी चालू आहे. झालेली नाही. वाटणी पुरी होण्याआधी हद्द टाकली, की मग भाऊ भाऊ आयुष्यभर एकमेकांचं तोंड बघत नाहीत. मी अशा किती घरांत चहा न घेता परत आलोय, तुम्हाला काय सांगू!"

हे नेमकं बरोबर होतं. शास्त्रानेसुद्धा बरोबर होतं. जावयाला त्याचा जास्तच राग आला.

आणि मग त्याला पोस्टर आठवलं. औषध न दिलेल्या पेशी दाटीवाटीने राहत होत्या. त्यांच्यातून रस्ते काढावे लागले होते आणि त्यात प्रत्येकीची थोडी थोडी जागा गेली होती. औषध दिलेल्यांतल्या बऱ्याच मेल्या होत्या. उरलेल्या ऐसपैस पसरल्या होत्या, त्यांच्यात रस्ता काढण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे औषधाने कोणीही फुगलं नव्हतं. औषध न घेतलेल्यांची जागा रस्त्यात गेली होती.

"बाबा," तो शक्य तितक्या शांतपणे म्हणाला, "हे सगळे नकाशे बदलावे लागतील. परवाच्या आत."

सासऱ्यांनी कप बशीत ठेवला. "सही झालेला नकाशा बदलत नाही, जावईबापू. अपील करा."

जावयाने सासूबाईंना फोन लावला. त्या आपल्या घरी, नवरा लेकीकडे गेल्याच्या आनंदात होत्या.

"नकाशा बदलायचाय?" त्या पलीकडून म्हणाल्या. "आमच्या घराचा आखलेला, तेव्हा स्वयंपाकघरातून शेजाऱ्यांना वाट दिलीय त्यांनी. तेवीस वर्षं लोक माझ्या शेगडीशेजारून जातायत. कधी कधी मीठ कमी आहे म्हणून सांगतात. तू अपील कर बाबा."

जावयाने अपील केलं. बायकोने ते स्वच्छ अक्षरात लिहून दिलं. तिला लहानपणापासून सवय होती, सहलीला जायची परवानगीसुद्धा ती अशीच मिळवत असे. सासऱ्यांनी अपील दोनदा वाचलं, मागच्या बाजूला काही आहे का ते बघितलं आणि निर्णय दिला: "जागेवर पाहणी केल्याशिवाय फेरबदल नाही. उद्या साडेदहा."

गुरुवारी साडेदहाला सासरे इस्त्रीचा शर्ट घालून, बगलेत फाइल घेऊन प्रयोगशाळेत हजर झाले. जावयाने त्यांची मावशींशी ओळख करून दिली.

"मोजणी आपण करता?" सासऱ्यांनी विचारलं.

"बावीस वर्षं," मावशी म्हणाल्या.

"सदतीस," सासरे म्हणाले. एवढ्यावर दोघांचं जमलं.

मावशींनी एक काचेची बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. सासऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळा लावला. एक मिनिट गेलं. पाच गेली. जावई घड्याळाकडे बघत होता आणि मावशी सासऱ्यांकडे.

"ही सरकली," सासरे डोळा न काढता म्हणाले.

"सरकणारच. जिवंत आहेत त्या," मावशी म्हणाल्या.

"हद्दीसकट सरकली."

"हद्दीसकटच सरकतात."

सासऱ्यांनी डोळा काढला, चाचपडत स्टूल शोधलं आणि त्यावर बसले. मावशींनी पाणी आणून दिलं. त्यांनी ते सगळं प्यायलं.

"सदतीस वर्षांत मी शेकडो लोकांना शपथेवर सांगत ऐकलं, की साहेब, जमीन सरकली," ते म्हणाले. "सगळ्यांना मी कोर्टात खोटं पाडलं. आणि इथे..." त्यांनी पुन्हा एकदा डोळा लावून खात्री करून घेतली. "जावईबापू, या स्वतःच वाट काढून जातायत. यांना रस्ता द्यायची गरज नव्हती. माझी चूक. रस्ता रद्द."

जावयाला हायसं वाटलं, ते साधारण चार सेकंद. "पण बाबा, चारशे नकाशे! आज गुरुवार आहे! तुम्ही परत कधी आखणार?"

"परत कशाला आखायचं?"

"मग रस्त्याच्या जागेचं काय?"

"अहो, रस्ता रद्द झाला की मध्यावर रेघ. निम्मी जागा इकडच्याला, निम्मी तिकडच्याला. हे आमच्याकडे मोजणीची साखळी धरणाऱ्या माणसालासुद्धा माहीत असतं."

 जावई पळत आपल्या खोलीत गेला. नकाशे बदलायची गरजच नव्हती! कॉम्प्युटरला आधी रस्ते काढू द्यायचे, म्हणजे घोळक्यातल्या पेशी सुट्या होतात. त्या सुट्या झाल्या की प्रत्येकीला चहूबाजूंनी हळूहळू पसरू द्यायचं, शेजारीण भेटली की थांबायचं. रस्ता आपोआप निम्मा निम्मा वाटला जाईल. प्रोग्रामच्या बारा ओळी झाल्या. अर्ध्या तासात दोन हजार फोटोंतले सगळे रस्ते रद्द झाले, संख्येत एकाचाही फरक पडला नाही, आणि बारा टक्क्यांचं झालं शून्य.

तो कागद घेऊन मॅडमकडे गेला. मॅडमनी कागद बघितला, मग पोस्टर बघितलं.

"म्हणजे फुगत नाहीत."

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात, मॅडम."

मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "उद्या तू फक्त संख्येचं बोल. आकाराचं मी बघून घेते. दुरुस्ती काय, पुढच्या महिन्यातही करता येते."

"पण मॅडम..."

"पुढच्या महिन्यात तू इथे असावंस असं मला वाटतं. तुला काय वाटतं?"

जावयालाही तसंच वाटत होतं. तो कागद घडी करून खिशात घालून परत आला.

शुक्रवारी समिती आली. तीन माणसं होती. त्यांतले दोघे खुर्चीत बसल्याबरोबर बिस्किटांकडे वळले. तिसरे अध्यक्ष. बारीक, पांढऱ्या केसांचे, प्रश्न विचारण्याआधी पेनाचं टोपण लावणारे. सगळ्यांत मागच्या रांगेत, भिंतीला लागून, सासरे बसले होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. "नकाशा जिथे मांडला जातो तिथे तो करणारा हजर असतो," एवढंच ते सकाळी म्हणाले होते.

जावयाने संख्येचं सांगितलं. अध्यक्षांनी पिशवीतून स्वतः आणलेला एक फोटो काढला, चांगलाच दाट. कॉम्प्युटरने दोनशे चौदा पेशी सांगितल्या. मावशींना बोलावलं. सगळ्यांच्या देखत मावशींनी पडद्यावर एकेक पेशी बघत टिकटिक सुरू केली. खोलीत दुसरा आवाज नव्हता, बिस्किटंसुद्धा थांबली होती. दोनशे तेरावर त्या क्षणभर थबकल्या. मग कोपऱ्यातल्या एका पेशीकडे निरखून बघत त्यांनी शेवटचं टिक् केलं.

"दोनशे चौदा," त्या म्हणाल्या.

"छान," अध्यक्ष म्हणाले आणि पोस्टरकडे वळले. ते वाचायला त्यांना मागे सरकावं लागलं. "बारा टक्के? हे विलक्षण आहे. हेही यांनीच मोजलं?"

"अर्थातच," मॅडम म्हणाल्या.

अध्यक्षांनी टोपण लावलं. "तुम्हाला काय वाटतं, कशाने फुगत असतील?"

प्रश्न सरळ जावयाला होता. जावयाने मॅडमकडे बघितलं. मॅडम हसऱ्या चेहऱ्याने त्याच्याकडे बघत होत्या, डोळे सोडून. मग त्याने मागच्या रांगेत बघितलं. सासरे पोस्टरवरचा आकडा आपल्या फाइलीत उतरवून घेत होते. त्यांनी मान वर केली, भुवई वर केली, आणि फाइलीतला एक कागद पुढे काढला. जावयाला एका क्षणात सगळं दिसलं. आपण बोललो नाही तर ते बोलणार. आणि ते बोलले, तर परिशिष्टांसह बोलणार.

"फुगत नाहीत," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला. "बाकीच्यांची जागा रस्त्यात गेली होती. आता परत दिलीय. फरक शून्य आहे. हा कागद."

"रस्त्यात?"

"पेशी-पेशींमधे रस्ते सोडले गेले होते."

"कोणी सोडले?"

"मी," मागून सासरे उठून उभे राहिले. "निवृत्त मोजणी अधिकारी. चारशे नकाशे, सगळे माझ्या हातचे."

दोन बिस्किटवाले एकमेकांकडे बघू लागले. मॅडमनी डोळे मिटले.

अध्यक्ष उठून मागच्या रांगेपर्यंत गेले. "तुम्ही जीवशास्त्र शिकलायत?"

"नाही."

"मग हद्द कशाच्या आधारे आखलीत?"

"जे दिसतं त्याच्या आधारे," सासरे म्हणाले. "आणि जिथे दिसत नव्हतं, तिथे दोघांनाही सारखंच नाराज केलं."

अध्यक्षांनी टोपण काढलं, आणि हे वाक्य लिहून घेतलं. "वीस वर्षं मी लोकांना हाच प्रश्न विचारतोय," ते म्हणाले. "उत्तर आज मिळालं." मग ते मॅडमकडे वळले. "आणि बाई, समितीसमोर उभं राहून स्वतःच्याच पोस्टरवरची चूक स्वतःच सांगणारी प्रयोगशाळा मी पहिल्यांदा बघतोय."

मॅडमनी डोळे उघडले. "आमची ती पद्धतच आहे," त्या म्हणाल्या आणि हलक्या हाताने पोस्टर भिंतीकडे फिरवून ठेवलं.

दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं. जावयाला तीन वर्षांची मुदतवाढ. अट एकच: पुढचे दोन हजार नमुने त्याच हाताने आखलेले असावेत. त्यासाठी सासऱ्यांची 'मुख्य आरेखक' म्हणून मानद नेमणूक होत आहे, आणि कॉम्प्युटरवाला त्यांच्या देखरेखीखाली काम करील.

बायकोने पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. जावयाने खुर्चीत अंग टाकलं आणि महिन्याभरात पहिल्यांदा पाय लांब केले. सासऱ्यांनी पत्र हातात घेतलं, तारीख तपासली, जावक क्रमांक तपासला आणि आतल्या खोलीत गेले. दहा मिनिटांनी बाहेर आले ते बॅग घेऊन.

"बाबा, हे काय?" बायको म्हणाली. "कुठे निघालात?"

"समोरच्या गल्लीत खोली बघितलीय. बरी आहे. कागदोपत्री आहे तेवढीच भरते."

"अहो पण का?"

"आता हे माझ्या हाताखाली आहेत. हाताखालच्या माणसाच्या घरी राहायचं, त्याच्या घरचं जेवायचं, हे बरोबर दिसत नाही. उद्या यांच्या कामावर शेरा लिहायची वेळ आली, की माझा हात अडेल."

"घर माझं पण आहे!" बायकोचा आवाज चढला. "मी काय तुमच्या हाताखाली आहे? पोटची पोर इथे असताना तुम्ही खाणावळीत जेवणार? आईला काय सांगू मी?"

सासरे बॅग हातात धरून विचारात पडले. मुद्दा त्यांना मान्य होता, तो बसवायचा कुठे एवढाच प्रश्न होता.

"मुलीकडे यायला हरकत नाही," शेवटी ते म्हणाले. "रोज आठ ते नऊ. जेवून जात जाईन. फक्त त्या वेळात हे घरात नसावेत."

जावई हसला. मग त्याने बायकोकडे बघितलं आणि हसायचा थांबला.

"एका तासाचा तर प्रश्न आहे," बायको म्हणाली.

सोमवारी रात्री सव्वाआठला जावई खालच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, हाताची घडी घालून बसला होता. वरून ताटांचा आवाज येत होता, आणि मधूनच सासऱ्यांचं हसणं. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन आले, त्याला बघून थबकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "काय हो? घराबाहेर काढलं की काय?"

"छे, छे," जावई त्यांना वाट द्यायला भिंतीकडे सरकत म्हणाला, "मुदतवाढ मिळालीय. तीन वर्षांची."